मारलं की बदडून काढलं? त्रास देण्याची इंग्रजी क्रियापदं कशी शिकावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मारहाण, छळ, फसवणूक, अपमान या अर्थांची साठ-सत्तर फ्रेझल व्हर्ब्ज (क्रियापदामागे 'अप', 'ऑन' असा छोटा शब्द जोडून झालेली क्रियापदं) तुम्ही पाठ केलीत, वहीत प्रत्येकासमोर मराठी अर्थही लिहिलात. पण बोलायची वेळ आली की क्रियापद आठवतं आणि त्याची शेपटी निसटते. 'पुट डाउन' की 'पुट ऑफ', 'पिक ऑन' की 'पिक अप', 'बीट' की 'बीट अप'? ही यादी डोक्यात टिकवायची कशी?

यादी टिकत नाही. मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आहे, आणि वहीतल्या दोन रकान्यांवरून हे शब्द जिभेवर आलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. पण तुमची अडचण खरी आहे आणि ती निव्वळ पाठांतराचीही नाही. या गटातली चूक महागात पडते. 'गेट अप' आणि 'वेक अप' यांत गल्लत झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. इथे मात्र कोणी कोणाला काय केलं हेच उलटं होऊन बसतं.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचं उदाहरण सांगते. त्यांचे साहेब चारचौघांत त्यांनाच धारेवर धरायचे आणि त्याच चुका दुसऱ्यांनी केल्या की काणाडोळा करायचे. बाईंनी हिय्या करून वरच्यांना ईमेल लिहिला. त्यातलं मुख्य वाक्य होतं, 'माय मॅनेजर ऑलवेज पिक्स मी.' उत्तर आलं ते कौतुकाच्या सुरात: साहेब प्रत्येक वेळी तुमचीच निवड करतात, मग तक्रार कशाची? 'पिक' म्हणजे निवडणं. 'पिक ऑन' म्हणजे एकालाच हेरून त्याच्या मागे हात धुऊन लागणं. एवढासा 'ऑन' गळाला आणि छळाची शाबासकी झाली.

तेव्हा आधी त्या शेपटीकडेच बघू. आपल्याला वाटतं तितकी ती परकी नाही. मराठीत आपण नुसतं 'मारलं' म्हणून कुठे थांबतो? मारून टाकलं, बदडून काढलं, हाकलून लावलं, दडपून ठेवलं, डांबून ठेवलं. 'बदडून काढलं' यात कुणी काही बाहेर काढत नाही. 'काढलं' एवढंच सांगतं की काम अर्धवट सोडलेलं नाही, चांगलं पुरतं केलंय. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे समजावून बघा. तो विचारेल, काय काढलं? कुठून काढलं? आणि तुमच्याकडे 'अहो, तसंच म्हणतात' याखेरीज उत्तर नसेल. इंग्रजी माणसाची 'अप' आणि 'ऑफ'च्या बाबतीत नेमकी हीच गत असते. म्हणजे यंत्र तुमच्याकडे आधीपासून आहे, फक्त त्याचे सुटे भाग वेगळे आहेत.

परक्यांना याचा जाच होतो हे इंग्रजांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सॅम्युअल जॉन्सननं 1755 साली आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की क्रियापदामागे छोटा शब्द जोडून अर्थ फिरवण्याची ही सवय परदेशी माणसाला सगळ्यांत जड जाते. तिथे त्यानं दिलेल्या अगदी पहिल्या उदाहरणांत 'फॉल ऑन' आहे, अर्थ हल्ला करणं. आता मराठीत बघा: शत्रूवर तुटून पडले. 'फॉल' म्हणजे पडणं, 'ऑन' म्हणजे वर. जॉन्सनला ज्या परक्यांची काळजी होती त्यांत निदान या शब्दापुरते आपण नव्हतो. 'फॉल ऑन' आज पुस्तकी वाटतं, बोलण्यात त्या जागी 'ले इन्टू' किंवा 'टेअर इन्टू' येतं. पण तो 'ऑन' शाबूत आहे, आणि मी शिकवायला सुरुवात त्याच्यापासूनच करते.

कारण त्रासाच्या गोष्टीत 'ऑन' म्हणजे जवळपास नेहमीच आपला '-वर'. अंगावर धावून गेला, माझ्यावर खेकसला, तिच्यावर उलटला. 'द डॉग टर्न्ड ऑन हिम': कुत्रं त्याच्यावर उलटलं. शब्दाला शब्द बसतो. 'दे गँग्ड अप ऑन मी': सगळे एक होऊन माझ्यावर चालून आले, मग ते हातघाईवर येवोत की नुसते शब्दांनी. 'शी लुक्स डाउन ऑन अस': ती आम्हाला खालच्या पातळीवर बघते. 'ही हंग अप ऑन मी': माझं बोलणं चालू असताना त्यानं फोन आपटला. 'ही वॉक्ड आउट ऑन देम': बायकामुलांना टाकून निघून गेला. या शेवटच्या दोन वाक्यांत कुणाच्या अंगाला हात लागलेला नाही, तरी 'ऑन' आहे. घडलेल्या गोष्टीचा भार ज्याच्यावर पडला त्याच्यापुढे इंग्रजी 'ऑन' लावते. म्हणून ऐन वेळी फोन बंद पडला की लोक 'माय फोन डाइड ऑन मी' म्हणतात. फोन मेला, आणि भोगावं लागलं मला. 'चीट ऑन' मात्र सांभाळून वापरा. माणसापुढे आलं की ते फक्त जोडीदाराशी प्रतारणा करण्यासाठी असतं. भागीदारानं पैशांत फसवलं तर 'ही चीटेड ऑन मी' म्हणू नका, ऐकणारा भलताच अर्थ घेईल.

आणि या 'ऑन'च्या घरातलं माझं सगळ्यांत लाडकं: 'टेक इट आउट ऑन समवन'. ऑफिसातला राग घरी येऊन मुलांवर काढायचा, तेव्हाचं हे वाक्य. विद्यार्थ्यांना ते पाठ होत नाही, कारण मधला 'इट' म्हणजे काय हे कुणी सांगत नाही. त्या 'इट'ला वेगळा अर्थ नाहीच. पण आपल्याकडे वड्याचं तेल वांग्यावर काढतात ना? 'टेक आउट' म्हणजे काढणं, 'ऑन' म्हणजे वर, आणि 'इट' म्हणजे तेल. एकदा हे दाखवलं की पुन्हा कोणी विसरत नाही. असाच रिकामा 'इट' 'ही हॅज इट इन फॉर मी' या वाक्यात आहे, म्हणजे त्यानं माझ्यावर डूख धरलाय. तिथे मात्र तेलाची युक्ती चालत नाही, ते सरळ घोकावंच लागतं.

'डाउन'कडे वळू. इथे मराठी आणखी उघडपणे मदतीला येते. पाणउतारा या शब्दातच उतार आहे. घालूनपाडून बोलणं यात पाडणं आहे. तोंडघशी पाडणं, खाली मान घालायला लावणं, दडपणं, चेपणं, सगळं खालच्याच दिशेनं. 'पुट समवन डाउन' म्हणजे घालूनपाडून बोलणं, बहुतेकदा लोकांसमोर आणि बहुतेकदा हसत हसत. 'टॉक डाउन टू' म्हणजे तुम्हाला काही कळत नाही असं गृहीत धरून बोलणं, त्यात शब्द अगदी गोडही असतील. 'शाउट डाउन' म्हणजे आरडाओरडा करून समोरच्याला बोलूच न देणं. 'वेअर डाउन' आणि 'ग्राइंड डाउन' रोज थोडं थोडं झिजवतात. मला विचाराल तर घरातल्या किंवा ऑफिसातल्या दीर्घ छळाबद्दल बोलायला यांच्याइतकं नेमकं इंग्रजीत दुसरं काही नाही. 'द कॉन्स्टंट क्रिटिसिझम वोअर हर डाउन.' त्यात कुणी मारलेलं नाही, मोठा प्रसंगही नाही, तरी माणूस संपत आलाय.

'लेट डाउन'वर थोडं थांबते, कारण मराठी माणसाकडून ते हमखास चुकतं. शब्दकोशात 'निराश करणे' असं सापडतं आणि मग आपण 'द मूव्ही लेट मी डाउन' म्हणू लागतो. ते व्याकरणानं चूक नाही. पण 'लेट डाउन'चा गाभा भरवशात आहे. तुम्ही कुणावर विसंबलात आणि ऐन वेळी त्यानं हात काढून घेतला. 'ही प्रॉमिस्ड टू ड्राइव्ह मी टू द हॉस्पिटल बट ही लेट मी डाउन.' त्यानं मला तोंडघशी पाडलं. दुखरा गुडघासुद्धा शर्यतीत 'लेट डाउन' करतो, कारण भरवसा त्याच्यावरही होता. केवळ अपेक्षा पुरी झाली नाही तर 'आय वॉज डिसपॉइंटेड' पुरतं.

'अप'चं काम मघाशी सांगितलेल्या 'काढणे'सारखं आहे, आणि ते किती महत्त्वाचं आहे हे एका वाक्यात दिसतं. 'शी बीट मी' म्हणजे बुद्धिबळात किंवा शर्यतीत तिनं मला हरवलं. 'शी बीट मी अप' म्हणजे तिनं मला बदडून काढलं. पहिल्या वाक्यालाही मारण्याचा अर्थ आहे, पण मागचापुढचा संदर्भ नसेल तर ऐकणारा आधी खेळाचाच विचार करेल. 'रफ अप' त्याहून हलकं: चार धक्के, दोन ठोसे, धाक बसवण्यापुरतं. आणि एक जागा अशी की तिथे भलेभले दचकतात. 'डोन्ट बीट युअरसेल्फ अप.' मैत्रिणीनं परीक्षा नापास झालेल्या मुलाला हे म्हटलं, तर तो डोकं आपटून घेतोय असं नाही. झाल्या गोष्टीबद्दल स्वतःला किती कोसशील, एवढंच ती म्हणतेय.

'अराउंड', ब्रिटिश तोंडी बरेचदा 'अबाउट', म्हणजे आपलं नाचवणं. 'पुश अराउंड', 'बॉस अराउंड', 'ऑर्डर अबाउट': इकडे जा, तिकडे बस, हे आण. 'पुश अराउंड'मध्ये प्रत्यक्ष ढकलाढकली असेलच असं नाही. 'नॉक अबाउट' मात्र फसवं आहे. ऐकायला ते खेळीमेळीचं वाटतं, पण 'ही यूज्ड टू नॉक हर अबाउट' म्हणजे तो बायकोला मारहाण करायचा. शब्द हलका, गोष्ट भयंकर. इंग्रजीत घरातल्या मारहाणीबद्दल असे हलके शब्द बरेच आहेत आणि ते तसे का आहेत याचा विचार करण्यासारखा आहे. त्याकडे पुढे येतेच.

'ऑफ' आणि 'आउट' मी एकत्रच उरकते. 'ब्रश ऑफ' म्हणजे झटकून टाकणं, अगदी शब्दशः. 'रिप ऑफ' म्हणजे लुबाडणं, पण बोलीतलं. 'टेल ऑफ' म्हणजे रागावणं, झापणं, बहुतेकदा मोठ्यानं लहानाला. 'टेल ऑन' म्हणजे चहाडी करणं. 'टिक ऑफ' इंग्लंडात झापणं आणि अमेरिकेत वैताग आणणं, तेव्हा कुठल्या देशाचं इंग्रजी चाललंय ते बघा. 'लीव्ह आउट' वगळणं, 'फ्रीझ आउट' वाळीत टाकल्यासारखं करणं, 'किक आउट' हाकलून लावणं. यात फार खोल काही नाही. वाचता वाचता ते अंगवळणी पडतात.

आता जागेचा प्रश्न. 'हिम', 'हर', 'मी' हे शब्द कुठे घालायचे? पुस्तकात याला विभाज्य आणि अविभाज्य अशी नावं असतात आणि ती वाचून डोळे मिटायला लागतात. मी कानानं शिकवते. 'बीट हिम अप' मोठ्यानं म्हणा. जोर 'अप'वर पडतो. आता 'पिक ऑन हिम' म्हणा. जोर 'पिक'वर पडतो आणि 'ऑन' जवळपास गिळला जातो. जिथे शेपटीवर जोर असतो तिथे सर्वनाम मध्ये घुसतं: 'पुट मी डाउन', 'लेट अस डाउन', 'रिप्ड हर ऑफ', 'टोल्ड हिम ऑफ'. जिथे ती गिळली जाते तिथे सर्वनाम मागे राहतं: 'पिक ऑन मी', 'ले इन्टू हिम'. नियम शंभर टक्के अचूक आहे असं नाही, पण रोजच्या बोलण्याला पुरून उरतो.

हे नुसतं व्याकरणाचं नखरेलपण नाही, हे दाखवायला मी वर्गात एक जोडी फळ्यावर लिहिते. 'ही टर्न्ड ऑन हर' आणि 'ही टर्न्ड हर ऑन'. पहिल्यात तो तिच्यावर उलटला. दुसऱ्यात त्यानं तिची कामवासना चाळवली. वर्गात आधी शांतता पसरते, मग हशा होतो, आणि त्या दिवसानंतर सर्वनामाची जागा कोणी चुकवत नाही.

दुसरी अशीच त्रयी 'स्टँड अप'ची. 'शी स्टूड हिम अप': भेटायचं ठरवून ती आलीच नाही, तो वाट बघत राहिला. 'शी स्टूड अप टू हिम': त्याच्या दादागिरीला ती भिडली. 'शी स्टूड अप फॉर हिम': ती त्याच्या बाजूनं उभी राहिली. तिन्हींत उभं राहणं आहे. एकीत दगा, एकीत टक्कर, एकीत पाठिंबा. ही तीन वाक्यं एका दमात म्हणता आली की तुमचं निम्मं काम झालं.

ज्याला त्रास झाला त्याच्या बाजूनं बोलताना इंग्रजीत 'गेट' येतो. 'आय गॉट टोल्ड ऑफ', 'ही गॉट बीटन अप', 'वी गॉट रिप्ड ऑफ', 'शी नियरली गॉट रन ओव्हर'. कर्मणी प्रयोग म्हटला की आपण शाळेतला 'वॉज' लावतो, आणि तो चूक नाहीच, फक्त थोडा कोरडा वाटतो. 'गॉट'मध्ये 'माझ्या वाट्याला आलं' असा सूर आहे. मराठीत आपण हे खाऊन सांगतो: मार खाल्ला, बोलणी खाल्ली, शिव्या खाल्ल्या. 'साहेबांची बोलणी खाल्ली' याला 'आय गॉट टोल्ड ऑफ बाय माय बॉस'. जिथे मराठीत 'खाल्ली' येईल तिथे 'गॉट' बहुधा जमून जातं. एकच काळजी घ्या: वाक्य कर्मणी झालं म्हणून शेपटी सोडू नका. 'ही वॉज पिक्ड' आणि 'ही वॉज पिक्ड ऑन' यांतला फरक वर ईमेलवाल्या बाईंनी भोगलाय.

याच्या पुढचं शब्दकोश सांगत नाही, आणि मला विचाराल तर खरं शिकणं इथूनच आहे. प्रत्येक क्रियापद कुणाच्या तरी तोंडी शोभतं. 'पिक ऑन', 'पुश अराउंड', 'वॉक ऑल ओव्हर' (पायदळी तुडवणं), 'लेट डाउन' ही सोसणाऱ्याची क्रियापदं आहेत. 'आय पिक ऑन हिम एव्हरी डे' असं कोणी सरळ चेहऱ्यानं सांगत नाही. करणाऱ्याच्या तोंडी वेगळंच असतं: 'वी वर ओन्ली मेसिंग अबाउट', 'आय जस्ट हॅड अ गो अॅट हिम', 'आय सॉर्टेड हिम आउट'. मस्करी करत होतो, जरा सुनावलं, सरळ केलं. हे 'सॉर्ट आउट' म्हणजे आपलं 'बघून घेतो'. कपाट 'सॉर्ट आउट' करता येतं तसा माणूसही, फक्त दुसऱ्या वेळी रक्त निघू शकतं. मघाचं 'नॉक अबाउट' याच माळेतलं, मारणाऱ्यानं आणि बघ्यांनी घासून गुळगुळीत केलेलं.

म्हणून माझ्या वर्गात एकच प्रसंग तीन तोंडांनी सांगायचा सराव असतो. शाळेच्या मैदानात तीन मुलांनी एकाला घेरून मारलं, असं धरा. मार खाल्लेला मुलगा घरी सांगतो: 'दे गँग्ड अप ऑन मी अँड बीट मी अप.' त्यांतला एक मुलगा मुख्याध्यापकांना सांगतो: 'वी वर जस्ट मेसिंग अराउंड अँड इट गॉट आउट ऑफ हँड.' आणि शाळेच्या नोंदीत येतं: 'थ्री पुपिल्स अॅसॉल्टेड अ यंगर बॉय.' प्रसंग एक, पण क्रियापदांवरून कळतं की बोलतंय कोण. हा सराव दोन-तीनदा केला की शब्द नुसते आठवत नाहीत, चुकीच्या तोंडी गेले तर खटकतात. तुम्हाला खरं तर हे खटकणंच हवंय.

नोंदीतल्या वाक्यात फ्रेझल व्हर्ब एकही नाही, ते लक्षात आलं का? औपचारिक तक्रार, पोलिसांतला जबाब, डॉक्टरांना दिलेली माहिती, इथे ही क्रियापदं मागे ठेवा. ती भावना चांगली सांगतात, कृती धूसर ठेवतात. 'ही पुशेस मी अराउंड' वाचून चौकशी करणाऱ्याला प्रश्न पडेल की ढकललं की नुसता हुकूम सोडला? त्या बाईंचा ईमेल आम्ही पुन्हा लिहिला तेव्हा 'पिक्स ऑन मी' हे एकदाच, पहिल्या ओळीत ठेवलं. खाली तारीख, ठिकाण, साहेबांनी वापरलेले शब्द, आणि त्याच दिवशी तीच चूक केलेल्या दुसऱ्या माणसाला काय म्हटलं गेलं ते. एवढं पुरलं.

आणि उलट बाजूची गल्लतही सांगते, कारण फ्रेझल व्हर्ब टाळायला म्हणून आपण जे 'साधे' शब्द घेतो त्यांत खड्डे आहेत. 'ही अब्यूज्ड मी' असं आपण शिवीगाळीसाठी सर्रास म्हणतो. इंग्लंड-अमेरिकेतला ऐकणारा त्यातून शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार समजू शकतो. शिव्या दिल्या तर 'ही स्वोअर अॅट मी' म्हणा. 'माय बॉस फायर्ड मी' म्हणजे आपल्याकडे साहेबांनी झापलं, बाहेर नोकरी गेली. तिथे हवं 'टोल्ड मी ऑफ'. 'टॉर्चर' आपण उकाड्यालाही लावतो. खऱ्या तक्रारीत तो शब्द लिहिलात तर एक तर लोक घाबरतील, नाही तर अतिशयोक्ती समजून पुढचं वाचणार नाहीत.

जीव घेण्याच्या क्रियापदांबद्दल तुम्ही खास विचारलंय: 'डू इन', 'बंप ऑफ', 'नॉक ऑफ', 'टेक आउट'. ओळखता आली पाहिजेत, वापरायची गरज नाही. ती गुन्हेगारी गोष्टींतली किंवा चेष्टेतली भाषा आहे. कुणाच्या घरी खरोखर असं घडलं असेल तिथे 'वॉज किल्ड' किंवा 'वॉज मर्डर्ड' याशिवाय दुसरं काही बोलू नये. 'डू'चं कुटुंब तर विशेष विचित्र आहे. 'डू इन' ठार मारणं, पण 'आय अॅम डन इन' म्हणजे मी दमून गेलोय. 'डू समवन आउट ऑफ समथिंग' म्हणजे हक्काचं लुबाडणं. 'डू ओव्हर' अमेरिकेत पुन्हा करणं, ब्रिटिश बोलीत कुणाला बुकलणं. आणि 'डू अप' निरुपद्रवी, बटणं लावणं किंवा घराची डागडुजी करणं. असं कुटुंब एका दिवशी शिकू नका, सगळे चेहरे एकमेकांत मिसळतात. आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरा.

वहीचं काय करायचं, तर अशी करा. एका पानावर एकच क्रियापद. वर पूर्ण वाक्य, ज्यात 'मी' किंवा 'हिम' आहे, म्हणजे जागा आपोआप पक्की होते. त्याखाली मराठी अर्थ लिहायचा नाही. तो प्रसंग आपण मराठीत कसा सांगितला असता ते वाक्य लिहायचं, बोलीत, जसंच्या तसं. 'निराश करणे' नको, 'ऐन वेळी टांग दिली' हवं. त्याखाली हे कुणाच्या तोंडी शोभेल: सोसणाऱ्याच्या, करणाऱ्याच्या की बघ्याच्या. बास. साठ-सत्तरांतली पंधरा अशी लिहा. उरलेली वाचताना ओळखू आली तरी पुष्कळ.

पंधरांत माझी निवड विचाराल तर: 'पिक ऑन', 'गँग अप ऑन', 'टर्न ऑन', 'टेक इट आउट ऑन', 'लुक डाउन ऑन', 'पुट डाउन', 'लेट डाउन', 'वेअर डाउन', 'पुश अराउंड', 'बीट अप', 'टेल ऑफ', 'रिप ऑफ', 'लीव्ह आउट', आणि शेवटची दोन मुद्दाम परतफेडीची, 'स्टँड अप टू' आणि 'स्टँड अप फॉर'. त्रास सांगता येतो पण त्याला भिडल्याचं सांगता येत नाही, अशी इंग्रजी मी कुणाला शिकवत नाही.

सुरुवात या तीन वाक्यांनी करा. आधी स्वतः इंग्रजीत म्हणा, मग पुढे वाचा. भावाचा राग तिनं माझ्यावर काढला. सगळ्यांसमोर त्यानं मला घालूनपाडून बोलायला सुरुवात केली, आणि माझ्या बाजूनं कोणीच उभं राहिलं नाही. उशिरा आलो म्हणून बोलणी खाल्ली.

'शी वॉज अँग्री विथ हर ब्रदर अँड टुक इट आउट ऑन मी.' 'ही स्टार्टेड पुटिंग मी डाउन इन फ्रंट ऑफ एव्हरीवन, अँड नोबडी स्टूड अप फॉर मी.' 'आय गॉट टोल्ड ऑफ फॉर बीइंग लेट.' दुसऱ्यात 'स्टूड मी अप' म्हणालात, तर स्टँड अपच्या परिच्छेदाकडे परत जा.